बफरचा आउटपुट इम्पिडन्स: आयबिस फाइलमधली नेमकी ओळ

[दृश्य: डेटाशीट, एका ओळीभोवती गोल]

बफर म्हणजे चिपच्या पिनमागचं, सिग्नल बाहेर ढकलणारं सर्किट. डेटाशीट म्हणते, ४ मिलिअँपिअर करंटला आउटपुट ‘लो’ जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट. भागाकार केला की १०० ओहम. ५० ओहमच्या ट्रेसला, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या वाटेला, जुळणारा सिरीज रेझिस्टर निवडायचा तर हा आकडा कुचकामी. ती वाईटात वाईट स्थितीची हमी असते. चिप बहुधा बरीच दमदार निघते.

[दृश्य: एडिटरमध्ये आयबिस फाइल]

आयबिस हा बफरचं विद्युत वर्तन तक्त्यांत मांडणारा, १९९३पासूनचा साध्या टेक्स्टचा फॉरमॅट. आधी मॉडेल सिलेक्टर पाहा. एकाच पिनला ४, ८, १२ मिलिअँपिअरची वेगवेगळी मॉडेल्स असू शकतात. चिपमध्ये जे सेट होणार, तेच घ्या. मग पुलडाउनचा, म्हणजे आउटपुट ‘लो’ करणाऱ्या भागाचा, तक्ता: पहिला रकाना व्होल्टेजचा, पुढे टिपिकल, मिनिमम, मॅक्सिमम करंट.

यातली कोणती ओळ वाचायची? बहुतेक जण इथेच चुकतात. शून्याजवळचा उतार धरला तर इम्पिडन्स कमी भरतो, कारण पुढे व्होल्टेज वाढलं तरी करंट त्या मानाने वाढत नाही.

[दृश्य: आलेखावर ३३ मिलिअँपिअरची आडवी रेघ]

टर्मिनेशन जुळलेलं असेल तर ट्रेसवर निम्मं व्होल्टेज जातं. ३.३ व्होल्टच्या बफरला १.६५ भागिले ५०, म्हणजे ३३ मिलिअँपिअर. तक्त्यात या करंटला ०.६६ व्होल्ट असेल, तर इम्पिडन्स २० ओहम आणि रेझिस्टर ३० ओहमचा, कारण दोन्हींची बेरीज ट्रेसइतकी, ५० हवी. टोकाला आपटून लाट परतते तेव्हा बफरचा करंट ३३वरून शून्यावर उतरतो. म्हणून आलेखावर या दोन बिंदूंना जोडणारी रेषाच खरी.

पुलअपच्या, म्हणजे आउटपुट ‘हाय’ करणाऱ्या भागाच्या, तक्त्यात व्होल्टेज सप्लायपासून खाली मोजलेलं असतं आणि करंट उणे. हे विसरलं की उत्तर भलतंच येतं. समजा तिथे २४ ओहम निघाले, म्हणजे रेझिस्टर २६चा; मग ३० आणि २६च्या मधला, २७ ओहमचा रेझिस्टर घ्या.

[दृश्य: रायझिंग वेव्हफॉर्म]

पडताळा त्याच फाइलमध्ये आहे. ग्राउंडला जोडलेल्या ५० ओहमवरची रायझिंग वेव्हफॉर्म २.२ व्होल्टवर थांबत असेल, तर इम्पिडन्स २५ ओहम. इथे करंट ४४ मिलिअँपिअर आहे, त्यामुळे २४ऐवजी २५ येणं रास्तच. पण ४० आले, तर मॉडेलवरच शंका घ्या.

हा सगळा हिशेब डीसीचा. सी-कॉम्प, म्हणजे बफरचा स्वतःचा कपॅसिटन्स, ५ पिकोफॅरड असेल तर ५०० मेगाहर्ट्झला तो एकटाच सुमारे ६४ ओहमचा असतो. एज, म्हणजे सिग्नलचा चढ किंवा उतार, वेगवान असेल तर २७ ओहम लावून तिन्ही रकान्यांचं सिम्युलेशन चालवा. मॅक्सिममला ओव्हरशूट, म्हणजे व्होल्टेजने मर्यादा ओलांडणं, सर्वाधिक दिसेल, मिनिममला एज मंदावेल.