आधी हाडं, मग मेंदू: ट्रेम-टू जीनचं काय चाललंय

फिनलंडमधली काही कुटुंबं. तरुण पोरगा किंवा पोरगी, विशीतली, मनगट दुखतंय, घोटा दुखतोय म्हणते, कोणी फार मनावर घेत नाही, मग एक दिवस साधा पाय मुरगळल्याचं निमित्त होतं आणि हाड मोडतं. एक्सरे काढला तर हाडाच्या आत पोकळ्या दिसतात. इथपर्यंत ही हाडांच्या डॉक्टरची केस. पण तिशी उलटली की तोच माणूस बदलायला लागतो, कुठे काय बोलावं याचं भान सुटतं, घरच्यांनाही कळेना असं वागणं, मग विसरणं, मग डिमेन्शिया, आणि बरेच जण पन्नाशीच्या आसपास जातात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये हाकोला आणि जपानमध्ये नासू यांनी हा आजार स्वतंत्रपणे नोंदवला, म्हणून त्याला नासू-हाकोला म्हणतात. आता मनगटाच्या हाडाचा आणि मेंदूचा संबंध काय?

२००० साली कळलं की फिनलंडच्या रुग्णांमध्ये डॅप-ट्वेल्व्ह नावाच्या प्रोटीनच्या जीनचा एक तुकडाच गायब आहे, आणि २००२ मध्ये दुसऱ्या कुटुंबांमध्ये बिघडलेला सापडला ट्रेम-टू. ट्रेम-टू हा पेशीवरचा रिसेप्टर, बाहेर काय चाललंय ते ओळखतो, आणि डॅप-ट्वेल्व्ह ती खबर आत पोचवतो. ही जोडी हाडं झिजवून त्यांची डागडुजी चालू ठेवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींमध्ये असते, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लियामध्येही. दोन्ही पेशी एकाच गोतावळ्यातल्या, म्हणून जीन एक आणि नुकसान दोन ठिकाणी.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतली जन्मजात प्रतिकारशक्ती. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ होर्तेगानं चांदीच्या क्षाराचा रंग देऊन ह्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या, बारीक फांद्या फुटलेल्या. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये मेलेल्या ऑगस्टे डेटर ह्या पेशंटच्या मेंदूत अलॉइस अल्झायमरला प्लाक (पेशींबाहेर साठलेल्या अमायलॉइड प्रोटीनच्या गाठी) आणि गुंते (पेशींच्या आत टाऊ प्रोटीनचे) दिसले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यानं ग्लिया पेशींमध्ये (मज्जापेशींच्या सोबतीच्या पेशी, मायक्रोग्लियाही त्यातल्याच) साठलेली चरबीसुद्धा लिहून ठेवलीय, आणि ती ओळ कितीतरी वर्षं कोणी नीट वाचलीच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कारण ट्रेम-टू नेमकी चरबीच ओळखतो! मेलेल्या पेशींचे, मज्जातंतूंच्या आवरणाचे स्निग्ध तुकडे, शिवाय अमायलॉइड, ही सगळी खूण पटली की मायक्रोग्लिया जागी होते, प्लाककडे सरकते आणि त्याला चारही बाजूंनी घट्ट वेढा घालते. ट्रेम-टू काढून टाकलेल्या उंदरांमध्ये हा वेढा पडतच नाही, प्लाक पसरट होतो, त्याच्या काटेरी कडा बाहेर येतात आणि शेजारचे मज्जातंतू फुगून खराब होतात.

मग २०१२ च्या शेवटी एकाच वेळी दोन पेपर आले, एक लंडनच्या रीटा गरेरो आणि जॉन हार्डी यांच्या टीमचा, दुसरा आइसलंडच्या डीकोड ह्या जनुकं अभ्यासणाऱ्या कंपनीचा, त्यांनी २,२६१ आइसलंडकरांचे जीनोम वाचून काढले होते. दोघांचंही बोट एकाच जागी, ट्रेम-टूमधला आर४७एच हा बदल. प्रोटीनच्या साखळीत ४७ व्या जागी आर्जिनिन ह्या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन, बस एवढंच. पण अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट. युरोपात हा बदल शंभरात एकाकडेही नसतो, तरी महत्त्वाचा, कारण मायक्रोग्लिया आजार झाल्यावर नुसती तिथे गोळा होते असं नाही, आजार होण्यात तिचाही हात आहे हे त्यातून दिसलं.

आता सूज. मेंदूत इन्फ्लमेशन आहे, मग ते दाबून टाका, असं आजही सर्रास बोललं जातं. अमेरिकेत ते करून बघितलं, अडॅप्ट नावाच्या ट्रायलमध्ये घरात अल्झायमर असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांना नॅप्रॉक्सेन किंवा सेलेकॉक्सिब ह्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या, २००४ मध्ये हृदयाच्या काळजीमुळे गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मरणशक्ती काही वाचली नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे की 'सूज वाईट' हे अर्धवट सांगणं लोकांची दिशाभूल करतं. ट्रेम-टू बिघडला की तर मायक्रोग्लिया पुरेशी पेटत नाही म्हणून घोळ होतो.

पण उलट बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. अमायलॉइडऐवजी टाऊ प्रोटीनचा बिघाड असलेल्या उंदरांच्या एका जातीत ट्रेम-टू काढला तर मेंदू कमी झिजला. म्हणजे आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर सगळं अवलंबून.

औषधवाल्यांनी ट्रेम-टूला चेतवणाऱ्या अँटिबॉडी बनवल्या. अलेक्टर कंपनीची अँटिबॉडी सुरुवातीच्या अल्झायमरच्या पेशंटना दिली, ती रिसेप्टरपर्यंत पोचलीही, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला की आजाराचा वेग कमी झाला नाही. कितीतरी घरांनी ह्या बातमीकडे डोळे लावले होते. आता व्हिजिल कंपनीची गोळी आहे, तीच खटपट पण तोंडावाटे घ्यायची, २०२५ मध्ये सनोफीनं ती कंपनीच विकत घेतली, आणि आता बघायचंय ते हे की गोळीनं मायक्रोग्लिया प्लाकपाशी वेळेत पोचते का, टाऊ पसरायच्या आधी.