ओढ्याला पाणी कधी येते

(दृश्य : मे महिन्याची अखेर. बालाघाटाच्या पायथ्याचे काळे रान, भेगांचे जवळून चित्रण.)

बालाघाटाच्या रांगेतून बीड जिल्ह्यात उतरणारे अनेक ओढे वर्षातले बहुतेक दिवस कोरडे असतात, आणि आपण पाहतो आहोत तो ओढाही त्यांपैकीच एक आहे. वर बरड माळ, मध्ये मुरमाड उतार आणि खाली काळी भारी जमीन एवढेच त्याचे पाणलोट क्षेत्र असून ते सारे पाणी सिंदफणेवाटे गोदावरीत जाते. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १० हजार लिटर पाणी. त्यातले ओढ्यापर्यंत किती पोहोचेल, याचा निकाल बहुतेक वेळा शेतातच लागतो.

या भेगा पाहा. काळ्या मातीतील चिकण कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात, त्यामुळे उन्हाळाभर तापलेली जमीन हातभर आणि कधी त्याहूनही खोल फाटते. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. रान ओलेचिंब दिसते, शेतकरी समाधानाने वर पाहतो, आणि ओढा मात्र कोरडाच राहतो. काही पावसांनंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि हीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेऊ लागते. म्हणूनच जूनमध्ये जो पाऊस जमिनीने निमूटपणे पोटात घेतला, तेवढाच पाऊस सप्टेंबरात पडला तर तो ओढ्याला पूर आणू शकतो.

(दृश्य : उघड्या मातीवर पडणारे थेंब, संथ गतीत.)

या चित्रणासाठी आम्ही बांधावर बराच वेळ भिजलो, पण ते सार्थकी लागले. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या माऱ्याने मातीचे ढेकूळ फुटते, सुटलेले बारीक कण शेजारच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि पृष्ठभागावर पातळ, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. खालची माती अजून कोरडी असली तरी वरचे दार बंद झालेले असते. डावीकडे पिकाच्या पानांखालची माती पाहा : तिथे थेंबाचा जोर पानांनी झेलला आहे, म्हणून पापुद्रा नाही आणि पाणीही गढूळ नाही.

पाऊस मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पडू लागला की उरलेले पाणी उताराने धावते, ही मांडणी अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये केली. जलसंधारणाच्या भाषेत या धावत्या पाण्याला अपधाव म्हणतात. त्याचा अंदाज बांधण्यासाठी आपल्याकडचे अभियंते वापरतात ती एक पद्धत अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने १९५० च्या दशकात रूढ केली. तीत माती, पीक आणि मशागत पाहून प्रत्येक रानाला शंभरपर्यंतचा एक क्रमांक दिला जातो; क्रमांक जितका मोठा, तितके पाणी जास्त वाहते. ज्या रानाचा क्रमांक ८० आहे, तिथे २० मिलिमीटरच्या एका पावसातून जेमतेम पाऊण मिलिमीटर पाणी वाहते, म्हणजे मध्ये उघडीप असलेल्या अशा चार पावसांतून तीन मिलिमीटर. तेच ८० मिलिमीटर एका दमात पडले, तर साधारण ३५ मिलिमीटर वाहून जाते, म्हणजे हेक्टरी साडेतीन लाख लिटर. पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्हींची बेरीज सारखीच दिसते.

(दृश्य : ड्रोनमधून पाणंद रस्ता, माळ आणि ओढा.)

वरून पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. पाणी आधी ओढ्यात धावत नाही, ते आधी पाणंदीत धावते. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने दाबलेली ही वाट, गुरांच्या पायवाटा आणि उघडा माळ यांच्यावर शेतांच्या आधी ओघळ लागतात. हे पाणी ओढ्यात उतरले तरी लगेच पुढे जात नाही, कारण कोरड्या ओढ्याची वाळू आधी आपली तहान भागवते. लहानसा लोंढा तिथेच, आपल्या डोळ्यांसमोर, जिरून जातो.

गेल्या काही वर्षांत गावोगावी पोकलेन लावून नाले खोल करण्याची कामे झाली, आणि ती डोळ्यांत भरणारी आहेत हे मान्यच करावे लागेल. परंतु नाल्यापर्यंत आलेले पाणी वरच्या रानाने आधीच हातचे सोडलेले असते आणि ते येताना माती घेऊन येते. माथ्यावरचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब खड्डे, उताराला आडवी पेरणी, शाबूत बांध आणि बरडावरचे गवत यांचे चित्रण करणे अवघड आहे, कारण तिथे काहीच घडताना दिसत नाही. पाऊस पडतो आणि पाणी चरात थांबते, एवढेच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातल्या नद्यांना पूर आले.

(दृश्य : पुरानंतरचा तिसरा दिवस. त्याच जागी, त्याच उंचीवर कॅमेरा. वाळत चाललेला गाळ, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे. वाळूत खड्डा करून वाटीने घागर भरणारी बाई. इथे निवेदन नाही.)