पोट हिरवं, पिशवी रिकामी

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि दोघींचं पाणी पुढे हतनूरच्या धरणाला अडतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाची डबकी हिरवी होतात. पाणी हिरवं, म्हणजे त्यातल्या जिवांची चंगळ, असं आपल्याला वाटतं. पण कशानं हिरवं, हे आधी पाहायला हवं.

(सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य)

ही डॅफ्निया. एक-दोन मिलिमीटरची प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारा बारीक प्राणी. अंग पारदर्शक, म्हणून धडधडतं हृदय दिसतं, हिरवी आतडी दिसते आणि पाठीशी, कवचाखाली, अंड्यांची पिशवीही. नराशिवाय ती अंडी घालते आणि त्यातून बहुतेक वेळा मुलीच जन्मतात. खाणं चांगलं असेल, तर पिशवीत दहा-पंधरा अंडी सहज मोजता येतात.

आता ही दुसरी. आतडी हिचीही हिरवीगार आहे. पिशवीत मात्र एकही अंडं नाही.

हिच्या वाट्याला आलंय मायक्रोसिस्टिस, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. त्याचे गोळे तिला गिळवत नाहीत आणि काही वाण तर विषारीच. सुट्या पेशी पोटात गेल्या, विष नसलं, तरी अडचण सुटत नाही. डॅफ्नियाला स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखा स्निग्ध पदार्थ, स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. कात टाकायला आणि अंडी घडवायला ते हवंच. निळ्या-हिरव्या शेवाळात ते जवळपास नसतंच. अंड्यांना लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लंही त्यात फार कमी.

बरं, साधं हिरवं शेवाळ असलं म्हणजे झालं, असंही नाही. खानदेशी ऊन भरपूर. पाण्यात फॉस्फरस कमी असेल, तर शेवाळात कार्बन साठत जातो आणि फॉस्फरस तुटपुंजा राहतो. असं शेवाळ खाऊन डॅफ्नियाची वाढ मंदावते, अंडी घटतात. मग पाण्यात खत वाढू द्यावं का? ते फार झालं की मायक्रोसिस्टिसच माजतं!

खाणं आटलं, गर्दी वाढली, की नर जन्मू लागतात. मग जी अंडी होतात ती जाड कवचाची. गाळात ती वर्षानुवर्षं टिकतात. हिवाळी बदकांच्या पिसांना चिकटून दुसऱ्या तळ्यातही जातात.

या सगळ्याचा हिशेब भोयांच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. कटला मासा वरच्या थरात चरतो, आणि त्याच्या बोटुकलीचं, म्हणजे बोटभर पिल्लाचं, मुख्य खाणं प्राणिप्लवकच. तळ्यात मत्स्यबीज सोडताना रंग सगळेच बघतात. या पिशव्या क्वचितच कुणी बघतं.