गुळव्याची गोळी

(पहाट. चुलवाणात चिपाड पेटलेलं. काहिलीवर, रस आटवायच्या मोठ्या कढईवर, वाफ.)

निपाणी सोडून संकेश्वरकडं निघालं की हायवेच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस. त्यातला बहुतेक कारखान्याला जातो. तरी दिवाळी सरली की आतल्या रानात कुठंतरी धूर दिसतो, गोडसर वास येतो. तिथं गुऱ्हाळ सुरू आहे समजायचं.

ऊस मालकाचा, जागा मालकाची. पण काहिलीपाशी शब्द चालतो गुळव्याचा, म्हणजे गूळ पाडणाऱ्या कारागिराचा. या गुऱ्हाळावर त्यांना सगळे मामा म्हणतात. मराठी गडी मामा म्हणतात, कानडी गडीही मामाच म्हणतात. ‘पाक’ हा शब्दही दोन्हीकडं एकच, त्यामुळं भाषेवाचून काही अडत नाही.

रस तापला की काळपट मळी वर येते. भेंडीच्या पाण्यानं ती गोळा होते, झाऱ्यानं काढायची. चुन्याची निवळी आंबटपणा मारते. फेस उतू जायला लागला की तेलाचे चार थेंब. एवढं कुणीही एका हंगामात शिकतो. शेवटची पाच-दहा मिनिटं मात्र शिकवता येत नाहीत.

(मामांचा हात, जवळून.)

मामा बोटं गार पाण्यात बुडवतात, काठीवरचा पाक चिमटीत धरून पाण्यात सोडतात. गोळी वळतात. काहिलीच्या काठावर आपटतात. टण्! असा आवाज आला तर उतरायचं. नुसतं ‘थप’ झालं तर थांबायचं.

पुस्तकात याचं उत्तर आहे: ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास. १०५-१०६ला उतरवलं तर काकवी. आकडा खरा आहे. पण ऊस रोज सारखा कुठं असतो? ८६०३२ जातीचा, तोडल्या दिवशीच गाळलेला ऊस असला तर नवखाही चांगला गूळ पाडेल. लोळलेला, तुरा आलेला, दोन दिवस उन्हात पडलेला ऊस आला की त्यातली साखर मोडलेली असते. मग त्याच ११८ अंशांना पाक चिकट राहतो, गुळाला रवा, म्हणजे दाणा, बसत नाही. काहीजण हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, मारून पिवळाधमक रंग आणतात. मला त्यात कारागिरी दिसत नाही. रंग येईल, पण बिघडलेला पाक त्यानं सुधरत नाही.

मामांचं कसब अशा वाईट उसाच्या दिवशी कळतं. चुना किती, जाळ कधी कमी करायचा, हे ते रसाचा पहिला फेस बघूनच ठरवतात. कसं, ते विचारलं.

“हात भाजून,” म्हणाले.

त्यांच्या हाताखालच्या पोरानं पहिलं वर्ष चिपाड वाळवण्यात घालवलं, दुसरं जाळ घालण्यात, तिसरं मळी काढण्यात. आज गोळी त्याच्या हातात आहे. काहील उचलायच्या यारीची साखळी धरून दोघं उभे आहेत. मालक आत-बाहेर करतोय.

“मामा, उतरू?”

मामा काहिलीकडं पाठ करून चहा घेऊन बसलेत. उत्तर देत नाहीत.

टण्!

पोरगा हात वर करतो. काहील कलंडते, तांबूस पाक गार करायच्या वाफ्यात पसरतो. मामांच्या कपातला चहा अजून तसाच आहे.