‘इथं कशाला आलाव?’

नमस्कार. मागपर्यंत ऐकू येतंय ना? नाही आलं तर हात करा, मी ओरडून बोलेन, डोंबिवलीची आहे, लोकल पकडत मोठी झालेय, आवाजाचा काही प्रॉब्लेम नाही.

मला बोलवायला जे काका घरी आले होते ते म्हणाले, मॅडम तुम्ही फक्त तुमचा अनुभव सांगा, पुण्याहून सोलापूरला राहायला आलात त्याचा. मी म्हटलं अहो यात कसलं व्याख्यान, माणसं रोज इकडून तिकडे जातात. तर ते म्हणाले, ‘इकडून तिकडं जातात ओ, तिकडून इकडं कोण येतंय?’ मग मी गप्पच बसले.

हा प्रश्न मला आल्यापासून रोज विचारला गेलाय. रिक्षावाल्याने विचारला, बँकेत केवायसीच्या वेळी विचारला, मुलीच्या शाळेत ॲडमिशन घेताना क्लार्कने फॉर्मवरचा पुण्याचा पत्ता बघून पेन खाली ठेवला आणि विचारलं, ‘इथं कशाला आलाव?’ सरकारी बदली असेल तर लोकांना कळतं, सून म्हणून आले असते तर कळलं असतं, पण आपखुशीने? मग हळू आवाजात, ‘काय प्रॉब्लेम झाला का तिकडं?’ म्हणजे नोकरी तरी गेली असणार नाहीतर नवराबायकोचं काहीतरी बिनसलं असणार. मला सुरुवातीला राग यायचा. नंतर कळलं की प्रश्न माझ्याबद्दल नाहीच आहे, तो विचारणाऱ्याच्या स्वतःच्या घराबद्दल आहे. त्याची दोन्ही मुलं पुण्यात असतात.

तर आम्ही आलो कसे ते सांगते. २०२१ साल, मी आणि नवरा दोघांचं वर्क फ्रॉम होम, हडपसरला भाड्याचा टूबीएचके, त्यात मुलीची ऑनलाइन शाळा, तीन माणसं तीन खोल्यांत बसून तीन स्क्रीनशी बोलतायत. नवऱ्याच्या आत्याचं घर इथं जुळे सोलापुरात, बंद. आत्या मुलाकडे पुण्याला, खराडीला गेल्या त्याला चार वर्षं झालेली, दुसरा मुलगा अमेरिकेत, घर विकायलाही मन होईना आणि भाड्याने द्यायलाही. म्हणाल्या, जाऊन राहा की, निदान दारंखिडक्या उघडतील. आम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून आलो. कुलूप काढलं तर समोरच्या भिंतीवर २०१७ चं कॅलेंडर, मे महिन्याचं पान, आणि त्यावर आत्यांच्या अक्षरात दर चार दिवसांनी एक छोटी गोल खूण. मला वाटलं उपवास असतील, नाहीतर गोळ्याबिळ्या असतील.

ती पाण्याची खूण होती. तुम्ही हसताय, पण मला कुठून कळणार?

मी मुंबई-पुण्याकडची, आमच्याकडे पाणी ‘जातं’. सोलापुरात पाणी ‘येतं’. हा फरक मला समजायला एक आठवडा लागला, आणि त्यातले तीन दिवस टाकी रिकामी होती. पहिल्या पाण्याच्या दिवशी पहाटे साडेतीनला गेटची कडी वाजायला लागली, मी घाबरून उठले, बाहेर शेजारच्या अक्का गाऊनवर टॉवेल घेऊन उभ्या, ‘पाणी सोडलंय, उठा की ओ!’ मी तशीच बाहेर आले तर अख्खी गल्ली जागी. सगळ्यांचे दिवे लागलेले, मोटारी सुरू, कुणी हौदात उतरून खराट्याने तळ घासतोय, एक काका अंगणात पाइप धरून झाडांना पाणी घालतायत आणि तेवढ्यात पलीकडच्याशी मुलीच्या लग्नाचं बोलतायत. पहाटे साडेतीनला! अक्कांनी मला हौदाचं झाकण कुठल्या बाजूने उचलायचं ते दाखवलं, आधी दोन बादल्या गढूळ पाणी सोडून द्यायचं, पिण्याचं वेगळं भरायचं, मग हौद, मग मोटार लावून वरची टाकी, आणि सगळ्यात शेवटी हातात असतील नसतील ती भांडी. पाच वाजता पाणी गेलं. मग चहा झाला, त्यांच्या ओट्यावर. मला एका रात्रीत गल्लीतल्या नऊ घरांची नावं कळली. हडपसरला पाच वर्षं राहिले, समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव मला अजून माहीत नाही.

आता कुणी म्हणेल बघा किती गोड, पाण्यामुळे माणसं जोडली जातात वगैरे. तसलं काही मी बोलणार नाहीये. उजनी तुमच्याच जिल्ह्यात आहे, ११७ टीएमसीचं धरण, राज्यातल्या मोठ्यांपैकी एक, आणि तिथून शंभरेक किलोमीटरची पाइपलाइन टाकून आणलेलं पाणी शहरातल्या बाईला चार-चार दिवसांनी मिळतं, उरलेलं भीमेतून सोडून औजच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून उचलायचं, यात गोड काय आहे? पाण्याच्या दिवशी घरातली एक बाई कामावर उशिरा जाते, बऱ्याचदा जातच नाही. मी लॅपटॉपवर आहे म्हणून निभावतं. पूर्व भागात विडीचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा एक पाण्याचा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी.

अक्कांनी मला एक सांगितलं होतं, ते मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, आम्ही लहान असताना घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, कुठला भोंगा कुठला हे झोपेतही कळायचं, भोंग्यावर भाकऱ्या पडायच्या. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांना आठवतोय भोंगा? बघा, निम्मे हात वर. भोंगे बंद झाले, आता शहराचं घड्याळ म्हणजे पाण्याची चावी सोडणारा माणूस. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये माझ्या मॅनेजरच्याही वर सेव्ह आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. मोठ्या शहरात तुम्ही गिऱ्हाईक असता. पैसे दिले, माणूस आला, नळ दुरुस्त झाला, रेटिंग दिलं, संपलं. इथे मी पहिले दोन महिने एका प्लंबरच्या मागे लागले होते, रोज ‘येतो की मॅडम’, येतच नाही. शेवटी अक्कांनी विचारलं, ‘कुणाचं नाव सांगितलाव?’ मी म्हटलं कुणाचं म्हणजे, माझं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. त्यांनी फोन केला, अर्ध्या तासात माणूस दारात, पैसेही कमी घेतले आणि जाताना न सांगता गच्चीवरचा बॉल-व्हॉल्व्हही बघून गेला. म्हणजे इथे कामं पैशाने होत नाहीत असं नाही, पण पैशाआधी ‘तुम्ही कुणाच्यातले’ हे ठरावं लागतं. एकदा ठरलं की मग तुम्ही बघायचं काम नाही. माझ्या सासूबाईंना रात्री अकराला छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडी काढायला तीन पोरं आली आणि वीस मिनिटांत त्या डॉक्टरसमोर होत्या. डॉक्टरांच्या बाबतीत तर सोलापूर खूप पुढे आहे, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून पेशंट इथे येतात, वेटिंगमध्ये बसलं की तीन भाषा कानावर पडतात.

पण हेच ‘कुणाच्यातले’ उलटंही फिरतं. आम्ही मध्ये आत्यांचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा सहा महिन्यांसाठी भाड्याने घर बघत होतो, तर प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव, मग गाव, मग मूळ गाव, मग खाण्यात काय चालतं. सरळ जात कुणी विचारत नाही, पण चौथ्या प्रश्नापर्यंत ती बरोबर काढतात. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, मग नवऱ्याने सहज सांगितलं की रविवारी आमच्याकडे मटण असतं, दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर भाच्याला देतोय. पुण्यातही हे होतं, नाही असं नाही, पण तिथे पुढच्या गल्लीत आणखी चाळीस घरं असतात. इथे पुढच्या गल्लीतल्याला ही गोष्ट तुम्ही पोहोचायच्या आधी कळलेली असते. मुलगी एका मुलाबरोबर पार्क चौपाटीला डिस्को भजी खाताना दिसली, हे मला ती घरी यायच्या आत दोन फोनवरून कळलं. तो तिचा प्रॅक्टिकलचा पार्टनर होता, बिचारा. त्याच्याही घरी फोन गेला असणार.

उन्हाबद्दल बोलत नाही, मे महिन्यात इथे राहिल्याशिवाय ते कळत नाही आणि राहिल्यावर बोलायची ताकद राहत नाही.

भाषेचं मात्र सांगते, कारण मी सगळ्यात जास्त त्यातच रमलेय. मला वाटायचं सोलापूर म्हणजे मराठी, थोडं कन्नड. आमचा भाजीवाला अक्कांशी कन्नड बोलतो, हिशोब मराठीत करतो, आणि मुलाला हिंदीत शिव्या देतो. पूर्व भागात गेले तर दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू, विणकर पद्मशाली तेलंगणातून आले ते कित्येक पिढ्यांपूर्वी, पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा वाटतं की आपण वरंगलला आलोय. आणि जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते एवढाले उंच नंदीध्वज पोटावर पेलत अडुसष्ट लिंगांना चाललेली, देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा मी गर्दीत रडत होते, का ते मला अजून माहीत नाही, मी तशी फार देवाधर्माची नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे शहर म्हणजे बाहेरून आलेल्यांचंच आहे. कुणी हातमागासाठी आलं, कुणी गिरणीसाठी, कुणी रेल्वेसाठी. तेव्हा त्यांना कुणी विचारलं असेल का, इथं कशाला आलाव? काम होतं, म्हणून आले. आता काम तिकडे आहे.

आता ज्या विषयासाठी मला बोलावलंय असं मला वाटतं, तो. एकदा सोमवारी पहाटे स्टेशनवर जा, पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस सुटायच्या आधी. गाडीचं नाव कुणाचं आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तेही इथून पुण्यालाच नेले गेले. असो, हे मी उगीच जोडतेय. तर प्लॅटफॉर्मवर बघा, प्रत्येक पोराच्या हातात एक लॅपटॉपची बॅग आणि एक कापडी पिशवी, पिशवीत कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा, आणि बाजूला वडील उभे, पायजम्यावर स्वेटर. बोलत नाहीत फारसे. गाडी हलली की वडील डब्याबरोबर चार पावलं चालतात. माझ्या गल्लीत नऊ घरं आहेत, सहा घरांत फक्त म्हातारी माणसं. वंदे भारत आली २०२३ मध्ये, विमानतळासाठी त्याच साली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं, चांगलंच झालं. पण मला एक जण म्हणाला, ‘मॅडम, जायची सोय वाढलीय, राहायची कधी?’

आम्ही इथे राहू शकलो कारण आमचा पगार पुण्यातून येतो. हे मी लपवणार नाही. इथल्या इंजिनिअर पोराला इथे त्याच्या अर्धाही मिळणार नाही. त्यामुळे कुणी मला ‘बघा, ह्या आल्या की नाही’ म्हणून मुलांसमोर उभं करू नका, प्लीज, मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांनी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मुलाला मला दाखवलं, तो बिचारा हिंजवडीत ट्रॅफिकमध्ये अडकलेला, त्याने हात जोडले मला. मला काय बोलावं कळेना.

आणि माझी मुलगी. आली तेव्हा सहावीत होती, पहिलं वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. मैत्रिणी सुटल्या, पोहण्याचा क्लास सुटला. आता दहावीत आहे, ‘काय बे’शिवाय वाक्य सुरू होत नाही, शेंगापोळी आजीपेक्षा पातळ लाटते, आणि काल रात्री जेवताना शांतपणे म्हणाली की अकरावीला ती पुण्याला जाणार. तिने कॉलेजही बघून ठेवलंय. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी ताटाकडे. तिला मी विचारलं, तिकडे कशाला? तर म्हणाली, ‘मम्मी, तुला सगळे विचारतात तसं तू मला विचारू नको बे.’

प्रश्नोत्तरं ठेवलीयत असं काकांनी सांगितलं होतं, पण माफ करा, आठ वाजत आलेत, आणि आमच्या लाइनला आज पाणी आहे, साडेआठचा टाइम दिलाय. हौद मी अजून घासलेला नाही. तुमच्यापैकी जुळे सोलापूरच्या कुणाला सोडायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत. हां, त्या मागच्या काकू उठल्याच. चला, चला.