आधी त्या तंबूत झोपा

पुण्यातल्या एका ट्रेकिंग गटाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप आहे.

मला विषय दिलाय 'भटकंतीच्या सामानातून घरबसल्या कमाई'. त्यातला 'घरबसल्या' हा शब्द मी आधीच काढून टाकतो. या कामातली सगळी अक्कल घराबाहेर, पावसात आणि थंडीत मिळते.

व्यवहार समजायला सोपा आहे. तुम्ही एखाद्या तंबूबद्दल लिहिता किंवा व्हिडिओ करता आणि खाली दुकानाची लिंक देता. त्या लिंकमध्ये तुमची खूण असते. तिच्यावरून कुणी खरेदी केली की दुकान तुम्हाला कमिशन देतं, घेणाऱ्याला किंमत तेवढीच पडते. ॲमेझॉनने १९९६ साली ही योजना सुरू केली. त्यांच्याकडे लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत झालेली खरेदी तुमच्या नावावर धरतात. स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी घेतलेलं चालत नाही. आणि माल परत गेला की कमिशनही परत गेलं. समजा तंबू ४,००० रुपयांचा आहे आणि दर ५ टक्के आहे. म्हणजे एका तंबूमागे २०० रुपये. दहा विकले, तीन परत आले, हाती राहिले १,४००. तेवढ्यावर नोकरी सोडायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून करू नका.

मी सुरुवातीला एक मोठी चूक केली. एका तंबूचे फोटो छान होते, किंमत कमी होती, 'वॉटरप्रूफ' असं ठळक लिहिलं होतं. मी तो हातात न घेताच त्याची शिफारस केली. नाशिकच्या एका शिक्षकांनी तो घेतला आणि जूनमध्ये बायको-मुलीला घेऊन राजमाचीला गेले. रात्री अकरा वाजता त्यांचा फोन आला. ते चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "सर, शिलाईतून पाणी येतंय, मुलीला कुठं झोपवू?" त्या गावात लोक चांगले, एका घराने त्यांना ओसरीत घेतलं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. त्या विक्रीचे माझ्या खात्यावर शंभरएक रुपये जमा झाले होते.

तेव्हापासून मी तंबू बघायला शिकलो. कापडावर १५०० मिमी, ३००० मिमी असे आकडे लिहिलेले असतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो किती उंच होईपर्यंत कापड पाणी अडवतं, त्याचं ते माप. १५०० म्हणजे दीड मीटरचा स्तंभ. पण हे माप कापडाचं आहे, शिलाईचं नाही. सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे बोट फिरवून बघावं लागतं. ती पट्टी कोपऱ्यात, खांब जिथे वाकतो तिथे, सगळ्यात आधी सुटते. दुसरी गोष्ट: एकपदरी तंबूत दोन माणसं झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ आतल्या बाजूला साचते, पहाटे थेंब अंगावर पडतात आणि लोक म्हणतात तंबू गळतो. तो गळत नसतो, त्याला हवा खेळायला जागा नसते. हे तुम्ही लिंकच्या वर चार ओळींत लिहिलंत, तर घेणारा दुपदरी तंबू घेईल आणि परत पाठवणार नाही.

स्लीपिंग बॅगचंही तसंच. पिशवीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात बऱ्याचदा 'एक्स्ट्रीम' तापमान छापतात. त्या तापमानाला माणूस फक्त कशीबशी रात्र काढेल, तीही जिवाला धोका पत्करून. सुखाने झोपायचं तर 'कम्फर्ट'चा आकडा बघायचा. डिसेंबरात भंडारदऱ्याला जाणाऱ्याला हे सांगणारं मराठीत कुणी सहज सापडत नाही. तुमची जागा तिथे आहे.

बुटांबाबत एक कबुली देतो. महागड्या बुटांवर कमिशन जास्त मिळतं. पण सह्याद्रीच्या ओल्या कातळावर कितीतरी जुने भटके 'ॲक्शन' या कंपनीचे स्वस्तातले ट्रेकिंग बूट घालून फिरतात, कारण त्यांचा तळवा दगड धरतो. मी त्यांच्याबद्दलच लिहितो. कमिशन थोडं मिळतं, पण तो माणूस पुढच्या वर्षी सॅक घ्यायच्या आधी मला विचारतो.

लिहायचं कधी, तर हंगामाच्या दीड-दोन महिने आधी. पोंचो (डोक्यावरून ओढायचा सैल रेनकोट) आणि सॅकचं कव्हर एप्रिलमध्ये, स्लीपिंग बॅग दसऱ्याच्या सुमाराला. पाऊस सुरू झाल्यावर लिहिलेलं वाचायला लोक घरी नसतात, ते हरिश्चंद्रगडावर असतात.

आता कायदा. कमिशन मिळतं हे लपवायचं नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी नियम सोप्या भाषेत मांडले. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा करायचा, असं त्यात आहे. म्हणजे आपण मराठीत लिहितो तर 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं' हे मराठीत, वरच, ठळक लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आणि हे उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात दाखवा.

त्या शिक्षकांचा मागच्या दिवाळीत पुन्हा फोन आला. वर्षातून एकदाच कॅम्पिंगला जातो, कोणता तंबू घेऊ, असं विचारत होते. मी सांगितलं, घेऊ नका, भाड्याने घ्या, आणि घेताना अंगणात उभारून वरून दोन बादल्या पाणी ओता. त्यांनी तसंच केलं. पहिला तंबू गळला, त्यांनी दुसरा मागून घेतला. माझ्या लिंकवरून त्यांनी फक्त मुलीसाठी एक हेडटॉर्च घेतला.