पिंजरा आधीच रिकामा होता

सकाळची न्याहारी. राथ मास्तर टेबलाशी बसतात आणि शीळ घालतात. पिंजऱ्यातून उत्तर येत नाही. उठून बघतात तर पक्षी मरून पडलेला. घरकाम करणारी बाई तो उचलते आणि सरळ शेगडीत टाकते. तसाही गात नव्हताच हल्ली, म्हणते.

१९३० सालचा हा जर्मन बोलपट, 'डेर ब्लाउअ एंगेल'. निळा देवदूत. दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग. मास्तर झालाय एमिल यानिंग्स, ऑस्करच्या पहिल्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला.

शाळेत मास्तरांचा दरारा आहे, माया नाही. पोरं राथचं 'उनराट' करतात. उनराट म्हणजे केरकचरा. एकदा पोरांकडून एक पोस्टकार्ड जप्त होतं: लोला नावाची गाणारी बाई, झग्याच्या जागी खरी पिसं चिकटवलेली. आजूबाजूला कुणी नाही. मास्तर हळूच त्या पिसांवर फुंकर मारतात.

माझ्या मते मास्तर इथेच घसरले. लोला अजून भेटलेलीही नाही!

पोरांना रंगेहाथ पकडायला म्हणून ते नाचगाण्याच्या अड्ड्यावर जातात आणि तिथलेच होतात. लोलाचं काम मार्लीन डीट्रिशनं केलंय. ती काही लपवत नाही, फसवत नाही. मास्तर लग्नाची मागणी घालतात तेव्हा तिला हसू आवरत नाही. बाईनं नादी लावलं म्हणावं, तर ती सोयही सिनेमा ठेवत नाही.

नोकरी जाते, लग्न लागतं. मग मास्तर लोलाचीच पोस्टकार्डं विकत फिरतात. केस कुरळे करायचा चिमटा तापलाय का, हे ते कॅलेंडरच्या पानावर टेकवून बघतात. पान जळतं. खाली पुढचं पान, तेही जळतं. वर्षं अशी जातात.

लग्नाच्या जेवणात मास्तर खुशीत कोंबड्यासारखे आरवले होते. आता त्यांच्याच गावात, ओळखीच्या माणसांनी भरलेल्या थिएटरात, ते विदूषक होऊन उभे आहेत. जादूगार डोक्यावर अंडी फोडतो आणि आरव म्हणतो. तोच आवाज, पण या वेळी ऐकवत नाही.

ही गोष्ट ओळखीची वाटली ना? १९७२ साली व्ही. शांतारामांनी ती तमाशाच्या फडात आणली. नाकाकानघशाची डॉक्टरकी सोडून रंगभूमीवर आलेले श्रीराम लागू गुरुजी झाले, संध्या नर्तकी. शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाली राम कदमांच्या. आणि नाव? 'पिंजरा'.

पण शेवट वेगळा. गुरुजींचा खून झाला असं गाव धरून चालतं आणि त्याच खुनासाठी गुरुजी स्वतः फाशी पत्करतात. माणूस गेला तरी चालेल, गावाच्या मनातले गुरुजी राहिले पाहिजेत. हा शेवट आपल्याला रडवतो, मलाही रडवलंय. तरी वाटतं, मराठी सिनेमानं मास्तरांची अब्रू वाचवली. जर्मन सिनेमानं तीही वाचवली नाही.

तिथे राथ रात्री चोरासारखे जुन्या शाळेत शिरतात. रखवालदार कंदील घेऊन मागोमाग येतो. वर्गात कोणी नाही. मास्तर आपल्या टेबलावर डोकं टेकून गेलेत. रखवालदार त्यांची बोटं टेबलाच्या कडेपासून सोडवायला बघतो. ती सुटत नाहीत.